फाइल कोणती, हे सर्व्हरनेच सांगावे

पुणे जिल्ह्यातल्या गुंजण मावळातील एखाद्या शेतकऱ्याला पीककर्जासाठी सातबारा हवा असेल, तर आता दर वेळी तलाठी कार्यालय गाठावे लागत नाही. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महसूल खात्याच्या संकेतस्थळावर मिळू लागला. पंधरा रुपये शुल्क भरून जिल्हा पुणे, तालुका भोर किंवा वेल्हे, मग गाव आणि गट क्रमांक निवडला की उतारा पीडीएफच्या रूपात मोबाइलवर उतरतो. वेल्ह्याचे नाव आता राजगड तालुका झाले असले, तरी उताऱ्याची गरज आणि तो मिळवण्याची रीत तीच आहे.

हा उतारा मोबाइलवर नीट उघडतो, त्यामागे एक साधा नियम काम करतो. संकेतस्थळ चालवणारा संगणक, म्हणजे वेब सर्व्हर, मागितलेली फाइल पाठवताना ती कोणत्या प्रकारची आहे हेही सांगतो. या प्रकाराला माइम प्रकार म्हणतात. तो चुकीचा सांगितला गेला, तर फाइल पूर्णपणे निर्दोष असूनही ती न उघडण्याची शक्यता असते. संकेतस्थळांविषयीच्या अनेक तक्रारींचे मूळ येथे सापडते, म्हणून ही यंत्रणा समजून घेणे उपयोगाचे आहे.

माइमचा जन्म वेबसाठी नव्हे, ईमेलसाठी झाला. सुरुवातीच्या ईमेलमधून फक्त साधा इंग्रजी मजकूर पाठवता येत असे. छायाचित्र, ध्वनी किंवा देवनागरी अक्षरे पाठवण्याची सर्वमान्य सोय त्यात नव्हती. नॅथॅनिएल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी जून १९९२ मध्ये अशा सोयीचे, म्हणजेच माइमचे, मानक प्रसिद्ध केले. संदेशाच्या प्रत्येक भागासोबत त्याचा प्रकार लिहायचा, ही त्यामागची मुख्य कल्पना होती.

वेबने हीच कल्पना उचलली. १९९१ मधील वेबच्या अगदी पहिल्या आवृत्तीत सर्व्हर फक्त एचटीएमएल पान पाठवत असे, त्यामुळे प्रकार सांगण्याचा प्रश्नच नव्हता. चित्रे आणि इतर फाइली आल्यावर ती गरज निर्माण झाली. मे १९९६ मध्ये नोंदवल्या गेलेल्या एचटीटीपी या वेबच्या संवाद-नियमांच्या १.० आवृत्तीत ‘कन्टेन्ट-टाइप’ ही ओळ होती, आणि आजही बहुतेक उत्तरांच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराआधी जाणाऱ्या माहितीत, ती असते.

माइम प्रकाराचे दोन भाग असतात. पहिला भाग गट सांगतो: मजकूर, चित्र, ध्वनी, चलचित्र, फॉन्ट इत्यादी. तिरकी रेघ देऊन पुढे त्या गटातला नेमका प्रकार येतो. वेबपानासाठी ‘टेक्स्ट/एचटीएमएल’, छायाचित्रासाठी ‘इमेज/जेपेग’ आणि सातबाऱ्यासारख्या पीडीएफसाठी ‘ॲप्लिकेशन/पीडीएफ’. या नावांची अधिकृत नोंदवही आयाना ही आंतरराष्ट्रीय संस्था ठेवते, म्हणून भोरमधला मोबाइल आणि परदेशातला सर्व्हर यांना एकच नाव कळते.

सर्व्हरला फाइलचा प्रकार कळतो तो बहुधा तिच्या नावाच्या शेपटावरून. अपाचे आणि एन्जिनएक्स या मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या सर्व्हर प्रणालींकडे एक तक्ता असतो. नावाच्या शेवटी ‘पीडीएफ’ असेल तर हा प्रकार, ‘जेपीजी’ असेल तर तो, अशी त्यात जोडी लावलेली असते. सर्व्हर सहसा फाइलच्या आत डोकावत नाही. तो नाव पाहतो, तक्त्यातला प्रकार उचलतो आणि हेडरमध्ये लिहून पाठवतो.

मागणी येताच नव्याने तयार होणाऱ्या फाइलीचे मात्र वेगळे आहे. नोंदींवरून त्या क्षणी उतारा तयार करायचा असेल, तर तक्त्यात पाहायला फाइलचे नावच नसते. अशा वेळी प्रकार सांगण्याची जबाबदारी तो उतारा तयार करणाऱ्या प्रोग्रॅमवर, म्हणजेच तो लिहिणाऱ्यावर येते.

ब्राउझर पुढचा निर्णय मुख्यतः या ओळीवरून घेतो. पान असेल तर मांडायचे, चित्र असेल तर दाखवायचे, ध्वनी असेल तर वाजवायचा, आणि काय आहे ते कळत नसेल तर साठवायला द्यायचे. पत्त्याच्या शेवटी काय लिहिले आहे, याला तो फारसे महत्त्व देत नाही. भाताच्या बियाण्याची पिशवी बाहेरून पाहून आतले वाण इंद्रायणी की आंबेमोहर हे ठरवता येत नाही. शेतकरी पिशवीवरच्या टॅगवर विसंबतो. ब्राउझर माइम प्रकारावर तसाच विसंबतो.

आता चुका कशा होतात ते पाहू. पहिली चूक म्हणजे जुना तक्ता. वेबपीसारखे नवे चित्रस्वरूप जुन्या तक्त्यात नसते. अनोळखी फाइलसाठी एन्जिनएक्सच्या नेहमीच्या मांडणीत ‘ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम’ हा प्रकार जातो. त्याचा अर्थ केवळ ‘बाइटांचा प्रवाह’ एवढाच. अशी लिंक उघडली की ब्राउझर फाइल दाखवण्याऐवजी डाउनलोड करतो. अपाचेची २.४ ही आवृत्ती अशा वेळी प्रकार सांगतच नाही, आणि ओळखण्याचे काम ब्राउझरवर पडते.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. लॉगिनची मुदत संपल्यामुळे किंवा बिघाडामुळे सर्व्हर उताऱ्याऐवजी ‘पुन्हा लॉगिन करा’ असा संदेश तयार करतो, पण हेडरमध्ये प्रकार मात्र पीडीएफच राहतो. मोबाइल तो संदेश पीडीएफ समजून जपून ठेवतो. उघडायला गेल्यावर फाइल खराब असल्याची सूचना येते. वापरणाऱ्याला वाटते, आपलाच मोबाइल बिघडला.

तिसरी चूक मराठीला थेट भिडते. मजकुराचा प्रकार सांगताना त्याचे संकेतन, म्हणजे अक्षरे बाइटांत मांडण्याची पद्धत, हेही सांगायचे असते. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘भोर’ या शब्दात भ, ओकाराची मात्रा आणि र मिळून नऊ बाइट होतात. ‘वेल्हे’ लिहायला अठरा लागतात. संकेतन हेडरमध्येही नाही आणि पानातही नाही, तर ब्राउझर अंदाज बांधतो. तो युरोपीय लिपीचा निघाला, तर प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर समजला जातो आणि गावाच्या नावाच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसते.

चौथा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. सर्व्हर चुकतात हे माहीत असल्याने ब्राउझर काही वेळा फाइलच्या सुरुवातीचे बाइट तपासून प्रकार स्वतःच ठरवतात. ही मदत घातक ठरू शकते. कोणी छायाचित्राच्या नावाखाली आत वेबपानाचा कोड दडवून चढवला आणि ब्राउझरने तो पान समजून चालवला, तर इतरांची लॉगिन माहिती चोरता येते. म्हणून २००८ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर ८ साठी ‘नोस्निफ’ ही सूचना आणली. अंदाज न बांधता सांगितलेलाच प्रकार मान, असा तिचा आशय. आज सर्व प्रमुख ब्राउझर ती पाळतात.

फाइली उलट दिशेनेही जातात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी उभ्या पिकाचे छायाचित्र काढून पाठवतो. वेबवर कोणतीही फाइल चढवताना पाठवणारा तिचा प्रकार सांगतो. पण तो खोटाही असू शकतो. म्हणून घेणाऱ्या सर्व्हरने चढवलेल्या फाइलीचे अंतरंग तपासूनच ती स्वीकारली पाहिजे.

या चुकांची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. पुण्यात चांगले नेटवर्क असलेला माणूस तीच फाइल पुन्हा उतरवून पाहतो. तोरणा-राजगडाच्या कुशीतल्या किंवा भाटघर, नीरा देवघर धरणांच्या मागच्या गावांत डोंगराआड सिग्नल शोधावा लागतो. तिथे न उघडणारी फाइल म्हणजे वाया गेलेला डेटा आणि शेवटी तलाठी कार्यालयाची फेरी. ज्या फेरीपासून सुटका व्हावी म्हणून ही सेवा उभी केली, तीच पुन्हा पदरी पडते.

यावरचा उपाय खर्चिक नाही. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, आणि उतरवायच्या फाइलीचे स्वरूप व आकार वाचकाला सांगावा, अशी त्यांत अपेक्षा आहे. जे वाचकाला सांगायचे तेच ब्राउझरलाही अचूक सांगितले गेले पाहिजे. तक्ता अद्ययावत ठेवणे, मजकुरासोबत यूटीएफ-८ नमूद करणे, त्रुटीचा संदेश चुकीच्या प्रकाराखाली न पाठवणे आणि नोस्निफची सूचना जोडणे ही कामे जाणकार माणूस एका बैठकीत करू शकतो. ती झाली की नाही, हे कोणत्याही संगणकावरच्या ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये पाहता येते.

असे असताना ही काळजी कंत्राटदाराच्या मर्जीवर सोडणे योग्य नाही. ग्रामपंचायत असो, शाळा असो वा महसूल खाते, संकेतस्थळ ताब्यात घेताना पाने छान दिसतात एवढे पाहून सही करू नये. प्रत्येक प्रकारची एक फाइल साध्या मोबाइलवर, कमी सिग्नलमध्ये उघडून पाहावी आणि तिचा माइम प्रकार तपासावा. ही तपासणी कामाच्या करारातच लिहिलेली असावी आणि ती झाल्याशिवाय देयक मंजूर करू नये.