विहिरीतले विष काढायचे कोणी?



कारखान्याच्या मागे जमिनीत काय मुरते ते विहिरीला कळायला वर्षे लागतात. यंत्रांच्या भागांवरचे तेल-ग्रीस धुऊन काढायला ट्रायक्लोरोएथिलीन नावाचा द्राव वापरला जातो. तो पाण्यापेक्षा जड. जमिनीत उतरला की पाण्यावर तरंगत नाही, तळाशी जाऊन खडकाच्या भेगांत बसतो. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. आम्ही हिशेब मांडला. या मापाने एक लिटर द्राव सुमारे २९ कोटी लिटर पाण्याला पुरतो!

हे विष संपवणारे जिवाणू आहेत, असे शास्त्रज्ञ सांगतात. ते खरे आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९७ मध्ये मैलापाण्याच्या गाळातून मिळालेल्या अशा एका जिवाणूची माहिती प्रसिद्ध केली. त्याच्या कुळाचे नाव डिहॅलोकॉकॉइड्स. गोबरगॅसच्या टाकीसारख्या, हवा न शिरणाऱ्या जागी तो जगतो. आपण प्राणवायूवर श्वास घेतो, तो या द्रावावर घेतो आणि त्यातला क्लोरीन एकेक करून सोडवतो. शेवटी उरते एथिलीन, म्हणजे केळी पिकवणारा वायू.

मेख मधल्या पायरीत आहे. तिथे व्हिनाइल क्लोराइड तयार होते. ते कर्करोग करणारे, आणि त्याच्या पुढे नेणे या कुळातल्या काही जातींनाच जमते. काम तिथे अडले तर रोगापेक्षा औषध भयंकर. टेक्सासमध्ये केली हवाई तळावर जमिनीतल्या जिवाणूंना नुसते खाद्य पुरवले, तर काम अर्ध्यावर थांबले. बाहेर वाढवलेले जिवाणू सोडले तेव्हा सुमारे २०० दिवसांत त्या चाचणीच्या तुकड्यातला द्राव ५ मायक्रोग्रॅमच्या खाली आला. सतत खाद्य, सतत तपासणी, आणि एवढे करून तुकडा केवढा, तर लहानसा.

म्हणून सांगतो, ज्वारीच्या बियाण्याला अ‍ॅझोटोबॅक्टर चोळले आणि पेरणीला लागलो, असे हे काम नव्हे. उद्या कोणी 'विहीर शुद्ध करणारे जिवाणू' बाटलीत भरून विकायला आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

खर्च मोठा आहे, आणि तो ज्याने घाण केली त्याचा आहे. ही काही आमची मागणी नाही, कायदा आहे. राजस्थानातल्या बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासवल्या. तिथले विष वेगळे होते, पण १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी आणि सफाईचा खर्चही सोसावा, असे ठरवले. जिवाणू आहेत, आता निसर्गच बघून घेईल, असे कारखानदार म्हणू लागला तर त्याच्यापुढे हा निकाल ठेवा.

औद्योगिक वसाहतीला लागून ज्यांच्या विहिरी आहेत, त्यांनी पाणी तपासायला देताना प्लास्टिकचा डबा नेऊ नये. हा द्राव उडून जातो. काचेची बाटली काठोकाठ भरावी, आत हवेचा बुडबुडा ठेवू नये, घट्ट बूच लावून थंड जागी ठेवावी आणि पावतीवर द्रावाचे नाव लिहून मागावे. नाव न लिहिता दिलेल्या नमुन्यात क्षार आणि जडपणा तपासून 'पाणी ठीक' असा शेरा मिळतो.