नळीवरचा फुगवटा

मी मराठीचा प्राध्यापक असलो तरी माझी खरी विद्वत्ता युद्धाच्या छायाचित्रांत आहे, असा माझा जुना समज. वर्तमानपत्रात रणगाडा दिसला, की चष्मा कपाळावर सारून, नाक कागदाला टेकवून मी तो कोणाचा हे सांगणारच! 'चहा निवतोय,' हे सौभाग्यवतींचे त्यावरचे ठरलेले भाष्य.

ह्या विद्येची दीक्षा मला मामांनी दिली. १९७१ च्या डिसेंबरात ते छांबच्या आघाडीवर होते. तिथे आपल्याकडे टी-५४ आणि टी-५५ हे रशियन रणगाडे, तर पाकिस्तानकडे चिनी टाइप-५९. आणि हा चिनी म्हणजे टी-५४ चीच नक्कल. अगदी जुळे भाऊ! धुरळ्यात आपलाच गोळा आपल्याच माणसांवर पडायचा धोका. तोफ उडाल्यावर नळीतला धूर आत शिरू नये म्हणून नळीवर एक फुगीर डबा असतो. ह्या जुळ्यांचा तो नळीच्या टोकाशी, आपल्या सेंच्युरियन रणगाड्यांचा मात्र मध्याजवळ. तेव्हा आपल्या लोकांनी रशियन रणगाड्यांच्या नळीवरही मध्यावर एक खोटाच डबा चढवला. कामाचा नव्हे, नुसता ओळखीचा, कपाळावरच्या टिळ्यासारखा.

मी तेव्हा कॉलेजात शिकत होतो. हे ऐकले मात्र, आणि मला साताऱ्याच्या आजीचे कात्रण आठवले. तिच्या देव्हाऱ्यात, गणपतीच्या तसबिरीमागे, त्या युद्धाच्या वेळचे एक चित्र असे. रणगाडा, आणि त्यावर पाठमोरा जवान. खालच्या ओळी कात्रीने केव्हाच नेलेल्या. "हा आमचा बाळू," असे ती आल्यागेल्याला सांगे.

भिंग लावून पाहिले. फुगवटा टोकाशी, मध्यभागी नळी स्वच्छ! मी धावतच ओटीवर गेलो.

"मामा, आजीच्या कात्रणातला रणगाडा शत्रूचा आहे! तुम्ही पकडलेला!"

मामा सुपारी कातरत होते. आतल्या दाराकडे एकदा पाहून ते हळूच म्हणाले, "शत्रूचा आहे खरा. पण त्यावरचा मी नाही."

"मग आजीला..."

"तीन आठवडे माझे पत्र नव्हते, अरे. तेवढे दिवस ती ह्या कागदावर जगली. मी रजेवर आलो, तर पाणी द्यायच्या आधी तिने हेच पुढे केले. 'तूच ना रे?' म्हणाली. मी म्हटले, 'मीच.'" अडकित्ता पुन्हा चालू झाला. "तू काही बोलू नकोस हो."

मी बोललो नाही. आजी गेली, त्यालाही आता पुष्कळ वर्षे झाली. कात्रण माझ्या कपाटात आहे.

रणगाडा कोणाचा हे मी अजूनही सांगतो. पण मग नजर त्यावरच्या माणसाकडे जाते, आणि वाटते, कुठे तरी कोणाची आई हेच चित्र कापून घेत असेल.

हल्ली चहा निवतो तो त्यामुळे.