सिग्नलची पोच

१८७६ सालच्या २१ जानेवारीला इंग्लंडच्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेवर बर्फाचं वादळ चाललं होतं. स्कॉटलंडहून लंडनकडे निघालेल्या एक्स्प्रेसच्या पुढे कोळशाची मालगाडी होती. एक्स्प्रेसला वाट द्यायची, म्हणून मालगाडी अडवायला केबिनमनने खटका टाकला. खटका जागेवर बसला. त्याच्या मते काम झालं. बाहेर मात्र खांबाच्या खाचेत बर्फ गच्च भरलं होतं आणि सिग्नलचा हात खाली पडलेलाच राहिला. दिवाही पांढरा, म्हणजे तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे रस्ता मोकळा. मालगाडी पुढे गेली. ॲबट्स रिप्टन स्टेशनात ती सायडिंगला लागत असताना एक्स्प्रेस तिच्यावर आदळली, आणि त्या ढिगाऱ्यावर समोरून आलेली लीड्सची गाडी.

तोवर सिग्नल एरवी मोकळा ठेवायचा आणि गरज पडली तर धोका दाखवायचा, असा शिरस्ता होता. चौकशीनंतर तो उलटा झाला. पुढे पांढरा दिवा जाऊन हिरवा आला, कारण लाल काच फुटली की आतला दिवा पांढराच दिसतो. अडकलेल्या, मोडलेल्या, विझलेल्या सिग्नलचा अर्थ ‘थांब’ असाच निघाला पाहिजे, हे रेल्वे माणसं गमावून शिकली.

एसटीच्या कंडक्टरची दोरी त्याच शहाणपणाची. एक घंटी थांब, दोन घंट्या चल. गर्दीत कुणाचा हात लागून दोरी ओढली गेली तर गाडी फार तर उगाच थांबेल. निघायला मात्र जाणूनबुजून डबल बेल द्यावी लागते.

पण दिलेला सिग्नल पोचला का, हा प्रश्न उरतोच, आणि त्यावर खेळाने जास्त बारकाईने विचार केलेला दिसतो. क्रिकेटचा पंच हात फैलावतो ते प्रेक्षकांसाठी, असा आपला समज. मुळात ती खूण असते स्कोअररसाठी. त्याने प्रत्येक खुणेची वेगळी पोच दिल्याशिवाय पंचाने खेळ पुढे सुरू होऊ द्यायचा नाही, असं नियमच सांगतो. आझाद मैदानावर एकाच वेळी इतके सामने चाललेले असतात की एकाचा सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या पंचाशेजारी उभा दिसतो. त्या गोंधळात पंच गुडघा उचलून त्यावर हात लावतो, लेगबाय दाखवतो, आणि तंबूतून स्कोअररचा हात वर येईपर्यंत तिकडेच बघत राहतो. टीव्हीवर हे सहसा दिसत नाही. तेवढ्यात जाहिरात लागते.

खो-खोने तर दुहेरी बंदोबस्त केला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास या खेळाचे नियम बांधले. बसलेल्या गड्याला मागचं दिसत नाही. म्हणून पाठीला हाताचा स्पर्श हवा आणि तोंडाने मोठ्याने ‘खो’ही हवा. नुसत्या आवाजावर उठला तर फाऊल.

रेल्वेने ही खातरजमा माणसाकडून काढून यंत्राकडे दिली, त्यालाही फार काळ झाला. १८५६ साली जॉन सॅक्सबीने सांधा आणि सिग्नल एकमेकांना जखडून टाकणाऱ्या यंत्रणेचं पेटंट घेतलं. सांधा जिकडे, सिग्नल तिकडचाच. याच भरवशावर जगभरचे ड्रायव्हर हिरवा दिसला की वेग धरतात.

२ जून २०२३ च्या संध्याकाळी ओडिशात बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्स्प्रेसला मेन लाइनचा हिरवा मिळाला. सांधा मात्र लूप लाइनकडे होता आणि तिथे मालगाडी उभी होती. २९० हून अधिक माणसं गेली. त्यानंतर चर्चा झाली ती ‘कवच’ यंत्रणेची. कवच मुख्यतः लाल ओलांडणाऱ्या गाडीला अडवतं. इथे सिग्नल हिरवा होता, त्यामुळे ती चर्चा बरीचशी भलत्याच दिशेने गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दोष निघाला तो सिग्नलच्या वायरिंगमधल्या जुन्या फेरबदलाचा आणि त्या दिवशी फाटकाच्या कामात झालेल्या जोडणीचा. अहवालात आणखी एक नोंद आहे. वर्षभर आधी, मे २०२२ मध्ये, बहानगाच्याच खरगपूर विभागात चुकीच्या वायरिंगमुळे असाच प्रकार घडला होता. तेव्हाच बंदोबस्त केला असता तर बहानगाचा अपघात झाला नसता, असं आयुक्तांनी त्यात लिहिलं आहे.