कुलूपबंद फाटकाच्या दोन्ही बाजूंना

गेल्या वर्षी मार्चच्या अखेरीस उत्तर भारतातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी माझा दोन दिवस मुक्काम होता. तेथील सरकारी वस्तुसंग्रहालय आणि जिल्हा ग्रंथालय एकाच आवारात आहेत. मध्ये कमरेएवढ्या उंचीची भिंत, भिंतीत एक लोखंडी फाटक आणि फाटकाला गंजलेले कुलूप. किल्ली कोणाकडे असते, असे विचारल्यावर संग्रहालयाच्या पहारेकऱ्याने ग्रंथालयाकडे बोट दाखवले आणि ग्रंथालयातील लिपिकाने सार्वजनिक बांधकाम खात्याचे नाव सांगितले.

त्या सकाळी संग्रहालयात माझ्याखेरीज कोणीही नव्हते. ग्रंथालयात मात्र बसायला जागा नव्हती. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुण-तरुणी आपापली पुस्तके घेऊन पहाटेपासून रांगेत येतात, असे समजले. घरात एकच खोली असणाऱ्या मुलांना पंखा, दिवा आणि शांतता फुकट मिळण्याचे गावात दुसरे ठिकाण नाही. त्यांना नावे ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. पण त्यांच्यामागची कपाटे बंद होती आणि त्यांतील पुस्तके कोणीच मागत नव्हते. तेवढ्यात दहा-अकरा वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाचा हात धरून दारात उभी राहिली. परीक्षा संपली होती आणि तिला गोष्टीचे पुस्तक हवे होते. लिपिकाने तिला नियम ऐकवला : पालकांची सही, अनामत रक्कम आणि अर्जावर राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन. त्याचा स्वर मुळीच कठोर नव्हता. दोघे आल्या पावली परत गेली.

मला लिपिकाचा रागही आला नाही. साठातपासणीत एखादे पुस्तक कमी भरले तर त्याच्याकडून खुलासा मागवला जाईल, कदाचित वसुलीही होईल. दारातून परत गेलेल्या मुलांची नोंद ठेवणारी वही मात्र सरकारने त्याला दिलेली नाही. संग्रहालयातील अभिरक्षकाची स्थितीही याहून निराळी नाही. हरवलेल्या मूर्तीबद्दल चौकशी होते, न आलेल्या प्रेक्षकाबद्दल होत नाही. राखण करणे हेच ज्याचे काम ठरवले आहे, तो दार किलकिलेच ठेवणार. बंगालमध्ये वसंत पंचमीला विद्यार्थी आपली पुस्तके सरस्वतीच्या पायाशी ठेवतात आणि त्या दिवशी त्यांना हात लावत नाहीत. आपल्या ग्रंथालय खात्यांनी हा एका दिवसाचा नेम बारमाही करून टाकला आहे.

राज्यघटनेने या दोन संस्थांना एकाच ओळीत बसवले आहे. सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीच्या बाराव्या नोंदीत ग्रंथालये आणि वस्तुसंग्रहालये शेजारी शेजारी येतात. कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि इंडियन म्युझियम यांसारख्या मोजक्या संस्था केंद्राकडे आहेत, बाकीच्यांची जबाबदारी राज्यांची. चेन्नईतील एग्मोरच्या आवारात तर 1851 साली स्थापन झालेले संग्रहालय, 1896 साली खुले झालेले कॉनेमारा ग्रंथालय आणि एक नाट्यगृह असे तिन्ही आहेत. पाहणे, वाचणे आणि ऐकणे यांसाठी तीन वेगळ्या खात्यांकडे अर्ज करावा लागेल, असे त्या काळच्या नियोजकांना वाटले नसावे.

हे सारे आत्ता लिहिण्याचे कारण ऋतूचे आहे. वार्षिक परीक्षा संपल्यापासून उन्हाळा पेटेपर्यंत उत्तर आणि मध्य भारतात जेमतेम चार-पाच आठवडे मिळतात. (दक्षिणेतल्या माझ्या मित्रांना वसंत हा केवळ काव्यातला ऋतू वाटतो, हा भाग वेगळा.) मुले मोकळी असतात, संध्याकाळी बाहेर बसवते, शहरांत गालिचे आणि कुल्फी यांची प्रदर्शने भरतात. नेमक्या याच काळात सरकारी कार्यालये आर्थिक वर्ष संपवण्याच्या घाईत असतात. उरलेल्या अनुदानातून एकगठ्ठा पुस्तके आणि लोखंडी कपाटे खरेदी होतात. गोष्टी सांगायला माणूस बोलावण्यासाठी खर्चाचे शीर्षच नसते.

आपल्याकडे हे कधी झालेच नाही, असे नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला पाचारण केले. त्यानंतर जे ग्रंथालय खाते उभे राहिले, त्यात स्त्रियांची आणि मुलांची स्वतंत्र दालने होती आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव जात. त्याच खात्याची एक शाखा खेड्यांतून जादूच्या दिव्याची चित्रे आणि चलच्चित्रे मोफत दाखवत असे. म्हणजे अक्षरओळख नसलेला शेतकरीही ग्रंथालयाचा लाभार्थी होता. 1951 साली युनेस्कोच्या साहाय्याने दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय सुरू झाले, तेव्हा चर्चागट आणि नाट्यगट हे त्याच्या कामाचे अंगच मानले गेले होते. एस. आर. रंगनाथन यांच्या पाच सूत्रांपैकी पहिलेच सूत्र पुस्तकांच्या वापराविषयी आहे, जपणुकीविषयी नाही. ग्रंथपाल होण्याच्या परीक्षेत ते पाठ म्हणावे लागते. नोकरी लागल्यावर ते विसरणे सोयीचे ठरते.

केरळमधील गावग्रंथालयांत मुलांची ‘बालवेदी’ आणि स्त्रियांची ‘वनितावेदी’ असते. तिथे कवितावाचन होते आणि राजकीय वादही होतात. कर्नाटकाने 2020 साली ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांत मुलांना मोफत सदस्यत्व देण्याची मोहीम सुरू केली. ही ग्रंथालये तोवर जवळजवळ विस्मरणात गेलेली होती. तिथे नव्या इमारतींपेक्षा पंचायतीने आपल्या ग्रंथपालाकडे कसे पाहिले, याला अधिक महत्त्व आले. संग्रहालयांपुरते बोलायचे तर कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालयाने 1965 सालीच आपली विज्ञानाची प्रदर्शने गाडीत घालून खेड्यांत नेली होती.

यावर एक आक्षेप मी अनेकदा ऐकतो : गर्दी आली की वस्तूंना धोका. तो पोकळ नाही. जीर्ण हस्तलिखितांच्या दालनात चित्रकलेचा वर्ग भरवा, असे कोणी म्हणणार नाही. परंतु 26 एप्रिल 2016 च्या पहाटे दिल्लीतील राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालय आगीत खाक झाले, ते मुलांच्या गर्दीमुळे नव्हे. त्या वेळी इमारतीत प्रेक्षक नव्हते. स्थापनेनंतर जवळजवळ चार दशके ते भाड्याच्या जागेत होते आणि त्याला स्वतःची इमारत मिळावी म्हणून कोणी मोर्चा काढल्याचे मला आठवत नाही. ज्या संस्थेवर आपला हक्क आहे असे शेजारच्या वस्तीला वाटत नाही, तिच्या विजेच्या तारा तपासायची आठवणही कोणाला होत नाही.

पैशाचे कारण मला पुरते पटत नाही. अनेक राज्यांत, विशेषतः दक्षिणेत, मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर घेतला जातो. नागरिक तो भरतात. नगरसंस्था तो पुरतेपणी ग्रंथालयांकडे वळता करत नाहीत, ही तक्रार जुनी आहे. महाराष्ट्राच्या 1967 च्या कायद्यात असा उपकरच नाही, तिथे सारा भार वार्षिक अनुदानावर. दोन्हीकडे जे येते ते वेतन, इमारत आणि खरेदी यांत संपते.

माझी मागणी लहान आहे. प्रत्येक जिल्हा ग्रंथालय व संग्रहालय मिळून एक कार्यक्रम अधिकारी नेमावा, ज्याचे मूल्यमापन आलेल्या माणसांवरून होईल. मार्च-एप्रिलमध्ये दोन्ही संस्था रात्री आठपर्यंत उघड्या ठेवाव्यात, कारण हातगाडीवाला आणि शिक्षिका पाचच्या आत येऊ शकत नाहीत. चौदा वर्षांखालील मुलांना साक्षांकनाशिवाय पुस्तक घरी नेता यावे, आणि वाजवी प्रमाणात हरवलेली पुस्तके निर्लेखित करण्याचा अधिकार ग्रंथपालाला मिळावा. या शेवटच्या गोष्टीसाठी एक परिपत्रक पुरेसे आहे.

गाव सोडण्यापूर्वी मी पुन्हा त्या आवारात गेलो. पहारेकरी फाटकापाशी बसून होता. मूर्तींपैकी कोणती त्याला आवडते, असे मी सहज विचारले. तो मला आत घेऊन गेला आणि एका भग्न शालभंजिकेसमोर उभा राहून अर्धा तास बोलला. तिच्या हातातल्या फांदीवरची फुले अशोकाची आहेत, तसे झाड मागच्या अंगणात आहे आणि ते याच दिवसांत फुलते. हे त्याने आजवर किती जणांना सांगितले, असे मी विचारले. कोणी विचारलेच नाही, तो म्हणाला.