फेकण्याआधी एक चिठ्ठी लिहा



यंदा दिवाळीची आवरासावर करताना फडताळात कोरोनाच्या साथीतला, 2020 सालचा कापडी मास्क सापडेल. बंद पडलेला ऑक्सिमीटर सापडेल, लॉकडाउनमधला प्रवासाचा पास सापडेल. ते भंगारात घालू नका.

1896 साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे मुंबई इलाख्यात पसरला. गावं ओस पडली, लोक शेतात झोपड्या घालून राहिले. 1918 च्या इन्फ्लुएन्झात देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली. मेलेल्यांचे आकडे सरकारी दप्तरात आहेत. पण त्या झोपडीत चूल कशावर पेटली, आजाऱ्याला पाणी कोणत्या भांड्यातून दिलं, हे सांगणारी वस्तू आज किती घरांत आहे?

प्लेगची झळ आपल्या असोद्याच्या लेकीला, कवयित्री बहिणाबाई चौधरींनाही लागली. बहिणाबाईंचा मुलगा ओंकार त्या साथीत कायमचा अपंग झाला. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांचा दुसरा मुलगा सोपानदेव आणि नातलग पितांबर चौधरी यांनी त्यांची गाणी वहीत उतरवून घेतली, म्हणून 1952 साली त्यांचं पुस्तक निघालं. वेळेवर कोणी टिपून ठेवलं, तेवढंच उरलं.

म्हणून एवढं करा. कापड धुऊन, वाळवून आणि बाकी वस्तू कोरड्या पुसून कागदी पाकिटात ठेवा. वापरून फेकायचे मास्क किंवा सुया मात्र ठेवू नका. सोबत चिठ्ठी लिहा: ही कोणाची, कुठून आली, कधी वापरली, तेव्हा घरात काय चाललं होतं. मास्क बचत गटातल्या बाईंनी शिवला असेल, तर तेही लिहा. जे उचलता येत नाही त्याचा फोटो काढा: दुकानासमोर अंतर राखायला आखलेले गोल, भिंतीवरची पुसट होत चाललेली सूचना. रंग दिला की ते गेलंच. कागदावरचा आधार क्रमांक आणि आजाराचा तपशील झाकून ठेवा. ज्या घरात माणूस गेलं, तिथे घरच्यांची परवानगी घेतल्याशिवाय काही मागू नका.

गुरुजींनो, बाईंनो, मुलांना एक काम द्या: आजी-आजोबांना वस्तू दाखवून विचारा आणि त्यांच्याच बोलीत लिहून आणा. कोरोनात घरोघर फिरलेल्या आशा सेविकांना आधी विचारा. गावातली बहुतेक दारं त्यांनी पाहिली आहेत. शाळेतलं वा ग्रामपंचायतीतलं एक कपाट एवढ्याला पुरेल.

पुढच्या साथीत आपली नातवंडं विचारतील, तुम्ही तेव्हा कसे जगलात? तेव्हा आपण असू की नसू. चिठ्ठी असली पाहिजे. ती आजच लिहा.