अक्षतांनंतरचे दफ्तर
नागपूर-हैदराबाद महामार्गावरील जाम चौरस्त्याच्या आसमंतातील एखादी कन्या अमेरिकी नागरिकत्व पत्करलेल्या तरुणाशी विवाहबद्ध होते, तेव्हा अंतरपाट दूर होऊन अक्षता पडल्या की कार्य सिद्धीस गेले अशी जी समजूत वधूपक्ष करून घेतो, ती पत्नीला अमेरिकेत नेण्यासाठीचा ‘आय-१३०’ नामक अर्ज हाती पडताच निकालात निघते. कारण महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाहनोंदणी अधिनियमान्वये वर, वधू, तीन साक्षीदार आणि पुरोहित यांच्या सह्या घेऊन ग्रामसेवकाने दिलेला विवाहनोंदणीचा दाखला हा त्या दफ्तराचा केवळ आरंभ होय. पुढे सामाईक बँकखाते, छायाचित्रे, पत्रव्यवहार यांनी विवाहाचा खरेपणा शाबीत करावयाचा, आणि, मला तरी हा भाग सर्वांत विनोदी वाटतो, ज्या घरात नवऱ्याचे नाव उखाण्याखेरीज घेण्याची चाल नाही, तेथील लेकीने मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत परक्या अधिकाऱ्यापुढे त्याची इत्थंभूत माहिती द्यावयाची. विवाहास दोन वर्षे पुरी होण्याआधी अमेरिकेत प्रवेश झाल्यास १९८६ च्या कायद्यानुसार निवासाचा परवाना सशर्त, दोनच वर्षांच्या मुदतीचा मिळतो, आणि ती सरण्यापूर्वीच्या ९० दिवसांत उभयतांनी जोडीने पुन्हा अर्ज करावयाचा असतो. मात्र छळ वा घटस्फोटाच्या प्रसंगी तो एकटीलाही करता येतो, ही गोष्ट पाठवणीच्या गडबडीत तिच्या कानावर सहसा कोणी घालीत नाही.