कुपन घेतानाचा फोटो

२०१३ चा उन्हाळा. मराठवाड्यात दुष्काळ होता. जालना, बीड, उस्मानाबाद जिल्ह्यांतली कितीतरी गावं टँकरवर जगत होती. मी तेव्हा पुण्यात एम.ए. करत होतो. अब्बा गवंडीकाम करायचे. जिथं प्यायला पाणी नाही, तिथं सिमेंट कालवायला कोण देणार? गावातली बांधकामं बंद पडली आणि दर महिन्याला येणारे माझे मेसचे पैसेही. मी दोन वेळची मेस एक वेळची केली. संध्याकाळी चहा-क्रीमरोलवर भागवायचो. रूमवर कुणी विचारलं तर ‘दुपारी जास्त झालं’ असं सांगायचो.

अशात नोटीस लागली. दुष्काळग्रस्त भागातल्या विद्यार्थ्यांना महिनाभराच्या जेवणाची कुपनं मोफत मिळणार होती. मी नाव दिलं. रविवारी सकाळी आम्हाला एका सभागृहात बोलावलं. मोठा बॅनर, प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ, भाषणं. दोन तासांनी कुपनांची पाळी आली. माइकवरून प्रत्येकाचं नाव, तालुका आणि वडिलांचा व्यवसाय वाचला जात होता. मी वर गेलो. पाकिटाचं एक टोक पाहुण्यांच्या हातात, दुसरं माझ्या. फोटोग्राफर म्हणाला, ‘इकडं बघा.’ मी बघितलं. समोर छातीवर बिल्ला लावलेली स्वयंसेवक मुलगी उभी होती. ती माझ्याच वर्गातली होती. दुसऱ्या दिवशी तास सुरू झाला तेव्हा ती माझ्याकडं बघत नव्हती आणि मी तिच्याकडं.

दोन दिवसांनी अब्बांचा फोन आला. गावातल्या हॉटेलात पेपर येतो, त्यात तो फोटो छापून आला होता. अब्बा एवढंच म्हणाले, “भूका था तो बोल्या कायकू नै रे?” मला उत्तर देता आलं नाही. पुढं अम्मीकडून कळलं की त्यांनी हॉटेलवाल्याला पैसे देऊन तो पेपर घरी आणला होता. दुसऱ्या कुणी बघू नये म्हणून.

त्या कुपनांवर मी महिनाभर पोटभर जेवलो, हेही खरं आहे. ज्यांनी ती दिली त्यांच्या हेतूबद्दल मला आजही शंका नाही. तिथं कुणी वाईट माणूस नव्हता. म्हणूनच या गोष्टीवर लिहावंसं वाटतं. चांगल्या माणसांनी, चांगल्या हेतूनं केलेला कार्यक्रम घेणाऱ्याला इतका का लागतो?

विद्यापीठाबाहेरच्या दानात देणारा आणि घेणारा बहुतेक वेळा पुन्हा भेटत नाहीत. चौकात ब्लँकेट वाटून आपण घरी जातो. कॅम्पसवर तसं नसतं. तिथं दोघं एकाच बाकावर बसतात, एकाच ग्रंथालयात अभ्यास करतात, एकाच परीक्षेला बसतात. गावात जात, धर्म, जमीन, घर यांवरून ठरलेली उतरंड कॅम्पसवर थोडी तरी मोडते. गवंड्याचा पोरगा आणि डॉक्टरची पोरगी तिथं एकमेकांना नावानं हाक मारतात. मदतीच्या एका कार्यक्रमानं त्यातला एक दाता होतो आणि दुसरा लाभार्थी. गावात सोडून आलेली उतरंड आपणच व्यासपीठ बांधून पुन्हा उभी करतो.

पुढं मी देणाऱ्यांच्या बाजूलाही उभा राहिलो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला तेव्हा मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. आम्ही आवाहन केलं आणि तीन दिवसांत एक वर्गखोली कपड्यांनी भरली. मुलं निवडायला बसली. जर उसवलेल्या साड्या, एका पायाचे बूट, चेन तुटलेल्या पँटी, कुणाच्या तरी लग्नातली शेरवानी. निवडणाऱ्यांत शिरोळ तालुक्यातला एक मुलगा होता. त्याचं स्वतःचं घर पाण्यात होतं. तो दिवसभर मुकाट्यानं घड्या घालत होता. संध्याकाळी सहज विचारलं, तेव्हा म्हणाला, “सर, कपडे नकोत. पाणी उतरलं की घरात गुडघाभर चिखल असतोय. फावडी, खराटे, फिनेल पाठवा. आणि पोरांच्या वह्या-पुस्तकं गेल्यात, त्याचं बघा.”

पूरग्रस्त आमच्यातच बसला होता आणि तीन दिवस त्याला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. दुष्काळातली कुपनं घेतलेला मीसुद्धा देणाऱ्याच्या खुर्चीत बसल्यावर तसाच वागलो होतो. त्या दिवसापासून मी फक्त दुसऱ्यांना दोष देणं सोडलं.

महाराष्ट्राला विद्यार्थ्यांच्या मदतीची जुनी परंपरा आहे. वार लावून जेवणारे, माधुकरी मागून शिकणारे विद्यार्थी एकेकाळी इथं होते. पण रोज वेगळ्या दारात ताटावर बसणं काय असतं, हे जेवणाऱ्यालाच माहीत. शिवाय त्या ताटापर्यंत पोहोचायला जात आडवी यायची. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला मदत केली. मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी १९०६ मध्ये संस्था सुरू झाली, तिलाही त्यांचाच आधार होता. वसतिगृहात राहणारा मुलगा कुणाच्या दारात उभा राहत नव्हता. हक्काच्या छपराखाली जेवत होता.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ पासून साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहू लागली. मुलं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या हकिकतीतलं मोठेपण नुसत्या त्यागात नाही. ज्या मुलांसाठी दागिने गेले, ती मुलं स्वयंपाक करत होती, शेतात राबत होती, इमारतीचे दगड वाहत होती. पुढं ‘कमवा आणि शिका’ ही योजना त्यातूनच रुजली. आज पुणे विद्यापीठासह अनेक ठिकाणी ती चालते. तिचा मोबदला तुटपुंजा आहे, तो वाढायला हवा. पण त्या पैशाचा फोटो निघत नाही. तो घेणारा मान खाली घालून घेत नाही.

अलिगढचा दाखला मला जवळचा वाटतो. सर सय्यद अहमद खान यांच्या कॉलेजात १८९० च्या सुमारास विद्यार्थ्यांनी एक मंडळ काढलं. सुट्टीत घरी गेलेली मुलं वर्गणी गोळा करायची आणि त्यातून गरीब मुलांच्या शिक्षणाला मदत व्हायची. मंडळाचं नाव होतं ‘अंजुमन-अल-फर्ज’. फर्ज म्हणजे कर्तव्य. नावात खैरात नव्हती, इमदाद नव्हती. देणारा उपकार करतोय असं म्हणायची सोयच त्या नावानं ठेवली नव्हती.

आपल्याकडं राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली. गांधीजींच्या जन्मशताब्दीचं ते वर्ष. ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी घेऊन निघालेल्या या योजनेचा नियम सोपा आहे. दोन वर्षांत २४० तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर. शिबिरात गेलेल्या कुणालाही विचारा, त्याला भाषणं आठवत नाहीत. कुणाच्या ओसरीवर खाल्लेली भाकरी आठवते. सात दिवस गावात राहिल्यावर शहरातल्या मुलाला कळतं की आपल्याला खोदता येत नाही आणि गावकऱ्याला येतं. तिथं शिकवणारा गावकरी असतो. सेवेचा खरा फायदा मला हाच वाटतो.

पण आता याला प्रमाणपत्राचं ओझं झालंय. नव्या शैक्षणिक धोरणानंतर समाजात जाऊन करायच्या प्रकल्पांना पदवीत क्रेडिट मिळू लागली. कल्पना चांगली आहे. वर्गाबाहेरचं शिक्षण अभ्यासक्रमात आलं पाहिजे. मात्र अहवालाला फोटो जोडायचा म्हणून वृद्धाश्रमात तासभर जायचं, फळं वाटायची आणि ग्रुप फोटो काढून परत यायचं, हे कसलं शिक्षण? त्या महिन्यात तिसऱ्या कॉलेजचं केळं खाणाऱ्या आजोबांना काय वाटत असेल, हा प्रश्न कोणत्याच अहवालात नसतो.

यावर कार्यकर्ते मुलं म्हणतात, ‘सर, फोटो नसेल तर देणगीदार विश्वास कसा ठेवतील?’ अडचण खरी आहे. पैशाचा हिशेब दिलाच पाहिजे. पण हिशेब म्हणजे चेहरे नव्हेत. किती कुपनं छापली, किती वापरली गेली, मेसवाल्याला किती पैसे दिले, त्याची पावती कुठंय, हे नोटीस बोर्डावर लावा. देणगीदाराला चेहराच बघायचा असेल, तर तो नेमकं काय विकत घेतोय याचा त्यानंच विचार करावा.

दुसरा रस्ता मी डोळ्यांनी बघितलाय. आमच्या वसतिगृहाजवळच्या एका मेसमध्ये मावशींनी काउंटरवर पत्र्याचा डबा ठेवला होता. ज्याला जमेल त्यानं एक कुपन जास्त घेऊन त्यात टाकायचं. ज्याला लागेल त्यानं काढून घ्यायचं. नाव नाही, अर्ज नाही, उत्पन्नाचा दाखला नाही. सुरुवातीला आम्हाला वाटलं, फुकटे लोक डबा रिकामा करतील. तसं झालं नाही. मार्चमध्ये डब्यातून कुपन घेणारा मुलगा जूनमध्ये गावाहून पैसे आले की दोन टाकायचा. कोण देणारा आणि कोण घेणारा, हे मावशींनाही सांगता आलं नसतं. त्या डब्यातलं कुपन मी घेतलंय आणि टाकलंयही. त्या मेसमध्ये मला कुणाची नजर चुकवावी लागली नाही.

मदतीच्या मोहिमेपलीकडचा एक प्रश्न मात्र आपण टाळतो. विद्यापीठातला मुलगा उपाशी का राहतो? अनेकदा दुष्काळामुळं नाही, तर शिष्यवृत्ती वेळेवर न आल्यामुळं. वर्ष संपतं तरी पैसे खात्यावर येत नाहीत. अल्पसंख्याक समाजातल्या पीएच.डी.च्या मुलांसाठी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप होती. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये ती बंद केल्याचं संसदेत सांगितलं. अशा मुलाला आपण धान्याचं किट देऊ, जरूर देऊ. पण किट देऊन गप्प बसलो तर त्याचा हक्क आपणच खैरातीत बदलला, असं होईल. कुपनांच्या डब्याशेजारी एक वही ठेवा. कुणाची शिष्यवृत्ती किती महिन्यांपासून थकली आहे, ज्याला वाटेल त्यानं नाव न लिहिता नोंदवावं. ती वही घेऊन कुलगुरूंकडं आणि समाजकल्याण कार्यालयात गेलं पाहिजे. हेही समाजकार्यच आहे, आणि त्यात कुपन घेणारा मुलगा सगळ्यांत पुढं बोलू शकतो.

आता थोडं आपल्या घरात बघू. रमजानमध्ये आपण किट वाटतो. गेली काही वर्षं त्याचेही व्हिडिओ येतात. बुरख्यातल्या बायका रांगेत उभ्या, हातात तेलाची पिशवी आणि पाठीमागं नगरसेवकाचा बॅनर. ज्या धर्मात उजव्या हातानं दिलेलं डाव्या हातालाही कळू नये असं शिकवलं जातं, त्या धर्माचे आपण. देऊन बोलून दाखवलं, मन दुखावलं, तर दिलेलं वाया जातं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. गरजवंताचा आपल्या मालमत्तेत हक्क आहे, असं आपण जुम्याच्या बयानात ऐकतो आणि बाहेर येऊन त्याच्या हक्काचा फोटो काढतो.

अडीच टक्के जकात काढताना आपल्याला मदरसा आठवतो, शेजारची बेवा आठवते. ते योग्यच आहे. पण पुण्या-औरंगाबादच्या वसतिगृहांत एक वेळ जेवून शिकणारी आपली मुलं-मुलीही आहेत. गरजू विद्यार्थ्याला जकात देणं अनेक उलेमांना मान्य आहे. आणि सदका द्यायला तर धर्माचीही अट नाही. मेसच्या डब्यातलं कुपन मोहसीननं घेतलं की महेशनं, हे बघायचं काही कारण नाही.

येत्या जूनमध्ये पुन्हा गावागावांतून मुलं-मुली ट्रंक घेऊन शहरात उतरतील. त्यांच्यासाठी काही करायचं असेल तर जवळच्या मेसवाल्याकडं जा. कुणाची थकबाकी आहे ते विचारू नका. दोन-तीन महिन्यांचे पैसे भरून या आणि गरज असलेल्या मुलांना जेवू घाला एवढंच सांगा. मेसवाल्याला माहीत असतं कोण अर्धं जेवून उठतो.

अब्बांनी आणलेला तो पेपर अजून घरी आहे. ट्रंकेत, जुन्या कागदपत्रांखाली. गेल्या ईदला मी तो बाहेर काढला, तर त्यांनी माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि परत ठेवला. काही बोलले नाहीत.